लाइन क्लियर

मोहाडी तालुक्यात वैनगंगेच्या काठाला ढिवरांची एक वस्ती आहे. तिथला एक पोरगा बारावीत नापास झाला आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या दारात नवी मोटारसायकल उभी राहिली. गावाचं नाव सांगत नाही, पोराचंही नाही. माणसं या गोष्टीसाठी रचलेली आहेत. त्यांचं रात्रीचं काम मात्र तुमसरपासून पवनीपर्यंत नदीकाठी कुणालाही विचारावं, ओळखीचं निघेल.

घरात आबाजी म्हणजे आजोबा, माय आणि तो. बाप नागपूरला इमारतींच्या कामावर, मिस्त्रीच्या हाताखाली. आबाजींचा जन्म नदीत गेला. पावसाळ्यात डोंगा आणि जाळं, दिवाळीनंतर पाणी उतरलं की डांगरवाडी. उघड्या पडलेल्या रेतीत ओल लागेपर्यंत नाल्या खणायच्या, त्यात शेणखत भरायचं, बी टोचायचं, वाऱ्यानं उडणाऱ्या रेतीखाली रोपं गाडली जाऊ नयेत म्हणून तुराट्यांचा आडोसा करायचा. मार्चपर्यंत वेल पसरतात. एप्रिल-मेमध्ये टरबूज, डांगर, काकडी बाजाराला जाते. वरून पाय भाजणाऱ्या त्या रेतीच्या पोटात पाणी असतं. हातानं झिरा उकरला की ते वर येतं. काठावरच्या गावांच्या विहिरीही त्याच ओलीवर भर उन्हाळ्यात टिकून असतात.

पिकलेल्या फळाचा वास कोल्ह्याला बरोबर लागतो. म्हणून आबाजी रात्री वाडीतल्या मांडवाखाली झोपत, उशाशी कंदील आणि बडवायला पत्र्याचा डबा. पोरगा लहान असताना त्यांच्याच कुशीत झोपायचा. डबा वाजवायची त्याला फार हौस.

त्याच रेतीला नागपूरच्या बाजारात भाव आहे. शंभर घनफुटांचा एक ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक मावतो, टिप्परमध्ये कितीतरी जास्त. नियमानं पाहिलं तर घाटाचा लिलाव व्हायला हवा, पर्यावरणाची मंजुरी हवी, प्रत्येक खेपेला वाहतूक पास हवा. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दीपककुमार प्रकरणात लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं बजावलं. पावसाळ्यात उपसा पूर्ण बंद. हे सगळं दिवसाचं झालं. रात्री पोकलेन नदीत उतरतं, टिप्पर रांगेत लागतात, आणि पहाटेच्या आत पात्रात माणूस बुडेल एवढा खड्डा पडलेला असतो. पहिल्या पुरात त्यावर गढूळ पाणी चढतं. मग पोहायला उतरलेलं पोर किंवा पाण्यावर गेलेली म्हैस त्यात जाते, आणि वर्तमानपत्रात दोन ओळी येतात.

इतकी यंत्रं, इतकी वाहनं, एवढा आवाज. हे लपून कसं राहतं, असा प्रश्न शहरातल्या वाचकाला पडेल. ते लपवावं लागतच नाही. महसूल खात्याचं पथक कुठं आहे एवढं कळत राहिलं की पुरे. ते कळवायला मोटारसायकलवरची पोरं असतात. एक तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर, एक साहेबांच्या बंगल्याच्या वळणावर, एक महामार्गाच्या फाट्यावर, एक घाटाच्या तोंडाशी. सरकारी गाडी हलली की मोबाइलवर निरोप फिरतो. काही हललं नाही की दर अर्ध्या तासानं दोनच शब्द: लाइन क्लियर. या कामाला सगळे ‘लोकेशन देणं’ म्हणतात.

आपला पोरगा फाट्यावर असायचा.

त्याला हे काम ‘भाऊ’नं दिलं. भाऊ गावच्या गणेशोत्सवाला वर्गणी द्यायचा, कबड्डीच्या सामन्यांना बक्षिसं द्यायचा, कुणाच्या मयतीला पहिला हजर असायचा. त्यानं पोराच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “पायी काऊन फिरून राह्यला रे? आपल्या मानसाजवळ गाडी पायजे.” दुसऱ्याच दिवशी दुकानात नेऊन सुरुवातीची रक्कम स्वतः भरली. उरलेलं कर्ज पोराच्या नावावर. त्याचं आधार, त्याची सही. हप्ता रात्रीच्या कामातून आरामात फिटेल असं ठरलं. मोबाइलचं नवं सिमही त्याच्याच नावानं घेतलं. महिन्याभरात पोरगा हुशार निघाला म्हणून त्याला निरोपांच्या गटाचा अॅडमिन केलं. त्या दिवशी तो घरी आला तो छाती काढून. बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्याला काहीतरी केलं होतं.

आबाजींनी विचारलं, “रातभर कुठी राह्यतं रे तू?”

“राखन करतो, आबाजी.”

“कोनाची?”

“भाऊच्या कामाची.”

आबाजी पुढं काही बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांची वाडी निम्मीच झाली होती. जिथं नाल्या खणायच्या तिथली रेती गेली होती आणि खाली काळी चिकण माती उघडी पडली होती. तिच्यात बी लागत नाही.

गटाच्या फोटोला पोरांनी कवटी लावली होती. मोबाइलवर पाहिलेल्या एका परदेशी मालिकेतली, कातडी जाकीट घालून मोटारसायकली उडवणाऱ्यांच्या पाठीवरची. तसली कवटी त्यांनी गाड्यांच्या टाकीवरही चिकटवली. वीस वर्षांच्या पोराला हे आवडणारच. रात्र, वेग, सोबती, आणि कायद्याच्या माणसाला चकवल्याचा आनंद. याला नुसतं वाया गेलेपण म्हणून झटकून टाकणाऱ्यांचं मला पटत नाही. ज्या तालुक्यात धानाची एक फसल झाल्यावर तरुणाला पुढचे कित्येक महिने कुणी हाक मारत नाही, तिथं त्याला रोज रात्री हाक मारणारा एकच माणूस असेल तर तो त्याच्याकडंच जाईल.

पण त्या कवटीवाल्यांचा खरा इतिहास या पोरांना कुणी सांगितला नव्हता. हेल्स एंजल्स ही त्यांतली सर्वांत गाजलेली टोळी 1948 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. अशा क्लबांत पाठीवरचं चिन्ह घालणाऱ्याचं नसतं, क्लबच्या मालकीचं असतं. बाहेर पडणाऱ्यानं ते काढून द्यायचं. ते मिळण्याआधी उमेदवारी करावी लागते. मोठ्यांच्या गाड्या राखायच्या, निरोप पोचवायचे, सांगितलेलं काम का ते विचारायचं नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 1994 पासून अमली पदार्थांच्या बाजारासाठी अशा टोळ्यांत लढाई पेटली आणि काही वर्षांत दीडशेहून जास्त माणसं मेली. ऑगस्ट 1995 मध्ये माँट्रियल शहरात जीपमध्ये ठेवलेला बॉम्ब फुटला, तेव्हा जवळच खेळणारा 11 वर्षांचा एक मुलगा त्यात गेला. त्याच्या मरणानं लोक खवळले आणि 1997 मध्ये कॅनडाला टोळ्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडं अशी जाकीटवाली टोळी नाही. तिथल्या टोळीला आपलं नाव पाठीवर मिरवायचं असतं. इथल्या धंद्याला नावच नको असतं. टिप्परची पाटी चिखलानं माखलेली, पोकलेन कुणाच्या तरी मेहुण्याच्या नावावर, पैसे रोखीत. भाऊ निरोपांच्या गटात नव्हता. त्याचा हुकूम कुणा चालकाच्या फोनवरून यायचा. सगळ्या साखळीत ज्याचा नंबर, ज्याची गाडी, ज्याची सही खरीखुरी होती असा एकच जण होता आणि त्याला वाटत होतं की आपल्याला मान मिळाला.

एप्रिल 2022 मध्ये पवनी तालुक्यात रेतीवरच्या कारवाईला गेलेल्या भंडाऱ्याच्या उपविभागीय अधिकाऱ्यांवर रेतीतस्करांनी हल्ला केला. सगळ्या विदर्भात ती बातमी गाजली. फाट्यावरच्या पोरांतही तिची चर्चा होत असे, पण पराक्रमाची गोष्ट म्हणून. पथक म्हणजे ‘साहेब लोक’, मोठ्या पगाराचे, गाडीतून येणारे. त्यांना काय होतंय!

ती रात्र मेमधली. पथकानं सरकारी गाडी सोडून एका खाजगी जीपमधून यायचं ठरवलं होतं. टपरीवरच्या पोराला ती कळलीच नाही. फाट्यावरून जीप वळली तेव्हा आपल्या पोरानं काचेतून मागच्या सीटवरचा खाकी कागदांचा गठ्ठा पाहिला आणि ओळखलं. पाच मिनिटांपूर्वीच त्यानं लाइन क्लियर पाठवलं होतं. घाटात टिप्पर भरलेले होते. त्यानं फोन लावला. पलीकडून चालकाचा आवाज आला, मग मागून भाऊचा: “गाडी आडवी टाक. दोन मिनटं पायजेत.”

तो थांबला असता तर काय झालं असतं? कुणी मारलं नसतं त्याला. शिव्या बसल्या असत्या, पुढच्या महिन्याचा हप्ता अंगावर आला असता. हप्ताच आधी त्याच्या डोळ्यांपुढं आला. त्यानं शेताच्या बांधावरून जीपच्या पुढं गाडी काढली आणि वळणावर आडवी घातली. जीपच्या चालकानं त्याला वाचवायला चाक फिरवलं. जीप नालीत कलंडली.

पोरगा मोटारसायकल तिथंच टाकून पळाला. पळताना त्यानं ओरडणं ऐकलं आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

जीपमध्ये मागे बसलेला माणूस त्यांच्याच गावचा कोतवाल होता. महसूल खात्यातला सगळ्यांत खालचा माणूस. कागदांचा गठ्ठा उचलायचा, पंचनाम्याला पंच शोधायचे, रात्री-अपरात्री साहेबांना वाट दाखवायची, आणि महिन्याला थोडकं मानधन. आबाजींचे निराधार योजनेचे कागद तहसीलला तीन-तीनदा नेऊन त्यानंच मंजूर करून आणले होते. पोराच्या जातीच्या दाखल्यासाठीही तोच धावला होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं.

सकाळी पोलीस आले ते सरळ घरी. गाडी त्याच्या नावावर, सिम त्याच्या नावावर, गटाचा अॅडमिन तो. टिप्पर एकही सापडला नाही. दोन मिनिटं पुरली होती. रेतीची चोरी, सरकारी कामात अडथळा, गंभीर दुखापत, अशी कलमं लागली. भाऊचं नाव एकाही कागदावर नव्हतं.

आबाजी त्या दिवशी भंडाऱ्याला गेले, पण आधी कोठडीकडं गेले नाहीत. जिल्हा रुग्णालयात कोतवालाच्या खाटेजवळ जाऊन उभे राहिले. जवळ काही नव्हतं, त्या साली वाडीत फळच नव्हतं.

कोतवाल म्हणाला, “आबाजी, म्याच त्याचं नाव सांगतलं पोलिसाले. गाडीच्या उजेडात चेहरा दिसला. खोटं कसं सांगू?”

“बरं केलं,” आबाजी म्हणाले. “म्या बी तेच सांगतलं असतं.”

मग ते खाटेच्या दांडीला धरून खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. नर्सनं पाणी आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी भाऊचा माणूस घरी आला. जामिनाचा खर्च भाऊ करेल, वकील भाऊ देईल, गाडीचे हप्तेही भाऊ भरेल. पोरानं फक्त एवढंच म्हणायचं की मी एकटाच होतो, दारू प्यालो होतो, जीप दिसली नाही. मायनं आबाजींकडं पाहिलं. तिला पोरगा घरी हवा होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आबाजींनी विचारलं, “त्याच्या पायाचं कोन भरेल?” माणूस म्हणाला, तेही पाहू. “म्हंजे तुमच्याजवळ सगळ्याचे पैसे हायेत,” आबाजी म्हणाले, “मंग माह्या पोट्ट्याची सही काऊन लागली तुमाले?”

त्याला उत्तर नव्हतं. तो गेला.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळालेली वकील तरुण होती, पण तिनं गोड बोलून दिलासा दिला नाही. तिनं पोराला समोर बसवून कायदा समजावला. मुंबईच्या टोळ्यांसाठी 1999 मध्ये महाराष्ट्रानं संघटित गुन्हेगारीचा जो कायदा केला, ज्याला सगळे मकोका म्हणतात, त्यात नुसतं गुन्हा करणाऱ्यालाच नाही तर जाणूनबुजून सोय करून देणाऱ्यालाही किमान पाच वर्षं शिक्षा आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. माणसाला तुरुंगात स्थानबद्ध करण्याच्या 1981 च्या कायद्यात 2015 पासून वाळूतस्करांचाही समावेश आहे. “तुझ्यावर आज यातलं काही लागलेलं नाही,” ती म्हणाली. “पण टोळीवर एकामागून एक आरोपपत्रं होत गेली की ही दारं उघडतात. आणि उघडली की आधी कोण सापडतं ते तू पाहिलंस.”

“म्या नाव सांगतलं तर सुटतो का?”

“तसं वचन मी देणार नाही. न्यायाधीशांसमोर खरा जबाब दिलास तर तुझ्या वागण्याचा विचार होऊ शकतो. केलंस ते मात्र तू केलंस. ते पुसलं जाणार नाही.”

मला या वकिलाची ही वाक्यं महत्त्वाची वाटतात. आपण पोरांना दोनच गोष्टी सांगत आलो: एक, वाईट मार्गाला जाऊ नका, दोन, गेलात तर संपलात. मधली जागा कुणी दाखवत नाही. भाऊ नेमका तिथंच उभा असतो, जामिनाचे पैसे घेऊन. क्वेबेकमध्ये एकानं ती मधली जागा धरली होती. 1997 मध्ये तुरुंगाच्या दोन साध्या पहारेकऱ्यांचे खून झाले. करणारे टोळीत वर चढू पाहणारे होते, हुकूम वरून आला होता. त्यांतल्या एकानं पकडल्यावर म्होरक्याविरुद्ध साक्ष दिली. 1998 मध्ये ज्यूरीनं त्या म्होरक्याला, मोरिस बुशेला, निर्दोष सोडलं. खटला पुन्हा चालला आणि मे 2002 मध्ये त्याला जन्मठेप झाली. मध्ये जवळपास साडेतीन वर्षं गेली. साक्ष देणाऱ्यानं ती वर्षं तुरुंगातच काढली, आणि त्यानं मारलेली पहारेकरी बाई काही परत आली नाही.

आबाजी कोठडीत भेटायला गेले तेव्हा पोरगा रडत होता. म्हणाला, “आबाजी, म्या तर फक्त राखन करत होतो.”

आबाजींनी शांतपणे सांगितलं, “लहानपनी तू डबा बडवत होता. कोनाले हाकलाले?”

“कोल्ह्याले.”

“आता डबा बडवला तो कोल्ह्याले सांगाले का मालक येऊन राह्यला, पळा. वाडी कोनाची होती रे?”

पोरानं उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्यानं वकिलाला निरोप पाठवला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सगळं सांगितलं. फाट्यांची नावं, वेळा, कुणाच्या फोनवरून कोण बोलायचं ते, दुकानात सुरुवातीची रक्कम कुणी मोजली ते. दुकानाच्या कॅमेऱ्यात भाऊ त्याच्या शेजारी उभा असलेला सापडला. भाऊला अटक झाली, आणि थोड्याच दिवसांत तो जामिनावर बाहेरही आला. खटला चालू आहे. गावात काही घरांनी पोराच्या घरी येणं बंद केलं. गणेशोत्सवाची वर्गणी त्या वर्षी कमी जमली आणि त्याचाही दोष त्याच्यावर आला.

जामिनावर सुटल्यावर तो तुमसरला एका राईस मिलमध्ये पोती उचलायला लागला. मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी आहे, पण कर्जाच्या हप्त्याला त्याचं काही नाही. तो दर महिन्याला भरावाच लागतो. रविवारी तो कोतवालाकडं जातो. सुरुवातीला कोतवालाची बायको दार उघडायची नाही. तो अंगणातली लाकडं फोडून परत यायचा. पुढं ती चहा देऊ लागली. कोतवालाचा पाय जुळला, पण चालताना तो एका बाजूला झुकतो आणि आता रात्रीच्या पथकात त्याला नेत नाहीत.

यंदा दिवाळीनंतर फाट्यावर नवा पोरगा उभा दिसू लागला. त्याला गाडी अजून मिळाली नव्हती. तो मित्राच्या गाडीवर बसून असायचा. आपल्या पोरानं त्याला तिथं काही म्हटलं नाही. तिथं त्याचं ऐकलं गेलं नसतं. तो संध्याकाळी त्याच्या घरी गेला. पोराची आई चुलीपाशी होती. तिनं याला ओळखलं आणि तिचा चेहरा बदलला. जेलात जाऊन आलेला माणूस दारात उभा होता.

“मावशी,” तो म्हणाला, “गाडी बुक झाली का?”

झाली होती. पाच हजार भाऊनं भरले होते, कर्जाचे कागद सहीसाठी घरी आले होते. तो खाली बसला आणि त्यानं ते कागद तिला वाचून दाखवले. कर्जदाराच्या जागी कुणाचं नाव आहे, हप्ता चुकला तर कुणाच्या दारी माणसं येतील, गाडी जप्त झाली तरी कर्ज कसं चालूच राहतं. मग आपल्या हप्त्यांच्या पावत्या खिशातून काढून तिच्यापुढं ठेवल्या. तिचा पोरगा मध्येच आला, चिडला, निघून गेला, रात्री उशिरा परतला. दोघं मायलेक काय बोलले ते कुणाला ठाऊक नाही.

त्या आठवड्यात तिनं घरातलं दोन पोती धान विकलं आणि भाऊचे पाच हजार त्याच्या हातात मोजून दिले. सोबत आबाजी आणि काठी टेकत कोतवाल गेले होते.